मुलगी सॉफ्टबॉल खेळते, प्रमाणपत्र नक्की कुणाचं चालतं? (ठाणे / नवी मुंबई)

घोडबंदरवासी | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

आम्ही कासारवडवलीला राहतो. लेक आठवीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर, खेळते. यंदा ठाणे मनपा पातळीवर त्यांचा संघ जिंकला, विभागाला हरला. घरात या खेळाचा कुणाला गंध नाही. मी स्वतः सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटपलीकडे गेलेलो नाही. पण पोरगी सरावासाठी न उठवता उठते, शाळेसाठी मात्र उठत नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे असं समजून आम्हीही मागे लागलोय.

मुद्दा असा. विभागाच्या सामन्यांना एक गृहस्थ भेटले, कुठल्याशा अकादमीचे. आता रोज फोन. परराज्यात 'नॅशनल' आहे, तिथून थेट 'इंटरनॅशनल'ला निवड, दोन्हीची प्रमाणपत्रं मिळणार, पुढे दहावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, सगळं त्यातच आलं म्हणे. फी याच आठवड्यात भरायची. प्रवास आणि राहणं वेगळं. आकडा ऐकून बायको म्हणाली, आधी चार लोकांना विचारा.

म्हणून विचारतो. बेसबॉल-सॉफ्टबॉलची देशातली अधिकृत संघटना कुठली? एक आहे की दोन? या गृहस्थांच्या पत्रावर दोन्ही खेळ एकत्र छापलेत आणि नावात 'इंडिया', 'नॅशनल', 'फेडरेशन' असं सगळंच आहे.

---

निवांत_नेरुळकर | सोमवार, रात्री ११.०५

क्रिकेटला घाला हो. २ नोव्हेंबर २०२५ला आमच्या डी. वाय. पाटीलवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, पाहिलंत ना? आता मुलींच्या क्रिकेटला दिवस आलेत.

---

सानपाडा_सदू | सोमवार, रात्री ११.१२

@नेरुळकर, झालं यांचं सुरू. प्रश्न काय, उत्तर काय.

---

पिचर_पद्मा | मंगळवार, सकाळी ६.५०

घोडबंदरवासी, फी भरू नका. निदान हा प्रतिसाद वाचून होईपर्यंत तरी.

मी विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळले, आता नवी मुंबईत एका शाळेत पीटी शिकवते. दरवर्षी दिवाळीच्या आसपास दोन-चार पालक असंच पत्र घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे सविस्तर लिहिते.

भारतात या दोन खेळांच्या परंपरेने दोन वेगळ्या राष्ट्रीय संघटना आहेत. सॉफ्टबॉलची सॉफ्टबॉल असोसिएशन ऑफ इंडिया, ही १९६१ साली जोधपूरला सुरू झाली. बेसबॉलची अमॅच्युअर बेसबॉल फेडरेशन ऑफ इंडिया, ती १९८३ची. म्हणजे आपल्याकडे सॉफ्टबॉल थोरला आणि बेसबॉल धाकटा, अमेरिकेच्या अगदी उलट. जगाच्या पातळीवर मात्र दोन्ही खेळ एकाच छत्राखाली आहेत. वर्ल्ड बेसबॉल सॉफ्टबॉल कॉन्फेडरेशन, डब्ल्यूबीएससी. पत्रावर दोन्ही नावं एकत्र छापली की लोकांना ते जागतिक संघटनेसारखं वाटतं, आणि छापणाऱ्याला तेच हवं असतं.

आता तुमच्या कामाचं. मुलीला वर जायला दोन शिड्या आहेत.

पहिली शाळेची. शाळा, मग मनपा किंवा जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि शेवटी शालेय राष्ट्रीय. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. हे सगळं राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय चालवतं. लेक याच शिडीवर विभागापर्यंत गेली. तिचं मनपा आणि विभागाचं प्रमाणपत्र शाळेकडून मागून घ्या आणि फाइलला लावा, कारण शाळा ती कपाटात ठेवतात आणि विसरतात.

दुसरी संघटनेची. जिल्हा संघटना निवड चाचणी घेते, जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपदाला जातो, तिथून राज्याचं शिबिर, आणि मग राज्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला. सब-ज्युनियर, ज्युनियर, सीनियर असे गट.

दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे. राष्ट्रीय स्पर्धेला मूल एकटं जात नाही. ते महाराष्ट्राच्या जर्सीत जातं, आणि ती जर्सी कुणीतरी निवड करून दिलेली असते. घरी फोन करून, फी सांगून 'नॅशनल'ला बोलावत नाहीत. तुमच्या गृहस्थांना एवढंच विचारा: मुलगी तिथे कोणत्या राज्याच्या संघातून खेळणार, आणि त्या संघाची निवड कुठल्या तारखेला, कुठल्या मैदानावर झाली?

---

घोडबंदरवासी | मंगळवार, सकाळी ९.२०

पद्माताई, खूप आभार. लगेच विचारतो. आणि 'इंटरनॅशनल'चं काय?

---

पिचर_पद्मा | मंगळवार, दुपारी १.३५

तेही तसंच. भारताचा संघ राष्ट्रीय संघटना निवडते आणि आशियाई किंवा जागतिक स्पर्धेत प्रवेश तिच्याच नावाने जातो. डब्ल्यूबीएससीच्या संकेतस्थळावर स्पर्धांचं कॅलेंडर असतं. त्यात ती स्पर्धा आहे का पाहा. शेजारच्या देशात जाऊन दोन-तीन संघांत खेळवायचं आणि 'इंडो-अमुक' असं नाव द्यायचं, हा धंदा सगळ्याच छोट्या खेळांत चालतो. सहल म्हणून हरकत नाही. पण सहलीचं प्रमाणपत्र कुठे दाखल करणार?

---

कळव्याचा_वकील | मंगळवार, सायं. ७.१०

पद्माताईंच्या प्रतिसादाला कागदी बाजूने पुस्ती जोडतो.

मान्यता हा शब्द प्रत्येक जण वापरतो, तेव्हा कुणाची मान्यता ते विचारा. 'ट्रस्ट म्हणून नोंदणीकृत' म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे किंवा सोसायटी कायद्याखाली नोंद. ती कुणीही सात माणसं जमवून करू शकतो. 'आयएसओ प्रमाणित' हे तर निव्वळ मखर. खेळासाठी उपयोगाच्या मान्यता दोनच: वर आंतरराष्ट्रीय संघटनेची, आणि देशात केंद्रीय युवा व्यवहार व क्रीडा मंत्रालयाची. मंत्रालयाची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. ही मान्यता एकदा मिळाली की जन्मभर अशी नसते, तिचं नूतनीकरण व्हावं लागतं, तेव्हा यादी कोणत्या वर्षाची आहे ते पाहूनच छापून घ्या. जुनी पीडीएफ फिरवणारे महाभाग भरपूर.

यात आता नवा कायदाही आलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्याआधी २०११ची क्रीडा संहिता होती, पण ती संहिताच, कायदा नव्हे, त्यामुळे प्रत्येक भांडण हायकोर्टात जायचं. नव्या कायद्यात मान्यता देणं-काढणं राष्ट्रीय क्रीडा मंडळाकडे, वादांसाठी वेगळं न्यायाधिकरण, एका खेळाला एकच राष्ट्रीय संघटना, कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ माणसं आणि त्यात किमान चार महिला. खेळाडूंनाही कार्यकारिणीत जागा.

नोकरीचं सांगायचं तर महाराष्ट्रात पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे हे खरं. पण अर्ज करण्याआधी प्रमाणपत्र विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून पडताळून घ्यावं लागतं. तिथे स्पर्धा कुणी घेतली, संघटना संलग्न होती का, संघ किती होते, सगळं उकरतात. काही वर्षांपूर्वी राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजलं, त्यानंतर तर फारच. लागलेल्या नोकऱ्या गेल्या लोकांच्या. तुमच्या मुलीला त्या खिडकीवर उभं राहायला अजून सात-आठ वर्षं आहेत. तोवर ही अकादमी कुठे असेल?

---

सानपाडा_सदू | मंगळवार, सायं. ७.२५

+१. वकीलसाहेब, 'निव्वळ मखर' भारी.

---

ऐरोलीचा_बाप | मंगळवार, रात्री १०.५५

सगळं पटलं, पण दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर लोकांना वाटेल अधिकृत संघटनेत सगळं आलबेल आहे.

माझा मुलगा बेसबॉल खेळायचा. एका वर्षी जिल्ह्याच्या निवड चाचणीचा निरोप व्हॉट्सॅपवर रात्री साडेनऊला आला, चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, मैदान दोन तासांवर. आम्ही पोचलो तेव्हा यादी तयार होती. चाचणी झाली, पोरं पळाली, बॉल फेकले, आणि यादी तीच राहिली. कुठला जिल्हा, कोण माणूस, ते लिहीत नाही. विचारायला गेलो तर म्हणे राज्याला विचारा, राज्य म्हणे हा जिल्ह्याचा विषय. राष्ट्रीय संघटनेला मेल टाकला, तो अजून जातोच आहे.

मग पालक अशा अकादमीवाल्यांकडे वळले तर नवल काय? तो निदान फोन उचलतो. खोटा माणूस रोज फोन करतो आणि खरी संघटना महिनोन्महिने पत्ता लागू देत नाही, हा खरा घोळ आहे. राष्ट्रीय संघटनेने आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक संलग्न राज्य, प्रत्येक राज्याने संलग्न जिल्हे, चाचण्यांच्या तारखा आणि स्पर्धांचे निकाल, एवढं टाकलं तरी या धाग्याची गरज पडली नसती. याला पैसा लागत नाही.

---

पिचर_पद्मा | बुधवार, सकाळी ६.४०

ऐरोलीचा बाप, तुमच्याशी भांडायला माझ्याकडे काही नाही. माझ्या विद्यार्थिनींच्या बाबतीतही असं घडलंय. फक्त एक सांगते. वाईट चालवलेल्या खऱ्या संघटनेत निदान तक्रार करायला जागा आहे, आणि वकीलसाहेब म्हणतात तसं न्यायाधिकरण उभं राहिलं तर आणखी एक दार. खोट्या संघटनेत तक्रार कुणाकडे करणार?

---

तळ्यात_मळ्यात | बुधवार, सकाळी ११.३०

धागा वाचतोय. थोडं अवांतर, पण मूळ प्रश्नात 'एक की दोन' असं होतं म्हणून लिहितो. माझ्या मते दोन संघटना हेच दुखण्याचं मूळ. जगाने एक केली, आपण का नाही?

इतिहास पाहा. बेसबॉल १९९२च्या बार्सिलोनापासून ऑलिम्पिकचं पदक असलेला खेळ, महिलांचा सॉफ्टबॉल १९९६च्या अटलांटापासून. २००८च्या बीजिंगनंतर दोन्ही बाहेर. २०१६साठी प्रयत्न केले तर गोल्फ आणि रग्बी आत गेले. मग शहाणपण सुचलं आणि २०१३मध्ये दोन जागतिक संघटना विलीन होऊन डब्ल्यूबीएससी झाली. त्यानंतर टोकियोला परत आले की नाही? पॅरिसला पुन्हा गळले, पण लॉस एंजेलिस २०२८ला आहेत. आणि तो निर्णय कुठे झाला? आपल्या मुंबईत! ऑक्टोबर २०२३मध्ये बीकेसीला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन भरलं होतं, त्यात क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रोस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल एकाच ठरावात आले. आपण सगळे क्रिकेट-क्रिकेट म्हणून पेढे वाटत बसलो, बाजूच्या खेळाचं कुणी नावही घेतलं नाही.

इटली, नेदरलँड्स, जर्मनी यांच्याकडे दोन्ही खेळांना एकच संघटना आहे. एक कार्यालय, एक निवडणूक, एक लेखापरीक्षण. आपल्याकडे आधीच पैसा नाही, त्यात दोन अध्यक्ष, दोन सचिव आणि दोन लेटरहेड.

---

पिचर_पद्मा | बुधवार, रात्री ९.१५

तळ्यात_मळ्यात, इथे मात्र मी कडाडून विरोध करणार.

तुम्ही २००८नंतर बाहेर गेले एवढंच लिहिलंत. कसे गेले ते लिहा ना. २००५ला सिंगापूरच्या अधिवेशनात मतदान झालं. बेसबॉलवर राग होता, कारण अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे खेळाडू ऑलिम्पिकला येत नव्हते, आणि उत्तेजकांचा विषय होता. सॉफ्टबॉलवर यातलं काहीच नव्हतं. सॉफ्टबॉलला मतं पडली ५२ विरुद्ध ५२. बहुमत हवं होतं, बरोबरी पुरली नाही, खेळ गेला. कितीतरी सदस्यांना दोन्ही खेळ एकच वाटत होते, असं तेव्हा सॉफ्टबॉलवाले कळवळून सांगत होते. थोरल्याच्या उधारीपायी धाकटीचे दागिने गेले.

विलीनीकरणामुळे परत आले म्हणता, तर २०१३लाच ब्युनोस आयर्सला एकत्र संघटनेने अर्ज केला होता आणि कुस्तीने हरवलं. टोकियोला आले कारण यजमान जपान होतं आणि यजमानाला आपल्या आवडीचे खेळ सुचवता यायला लागले. लॉस एंजेलिसचं कारण तर सांगायलाच नको.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात सॉफ्टबॉल रुजला तो जळगाव, अमरावती, सांगली अशा ठिकाणी, शाळांच्या पीटी शिक्षकांनी रुजवला, आणि मुली त्यात पहिल्यापासून बरोबरीने आहेत. शिवछत्रपती पुरस्कार घेणाऱ्या सॉफ्टबॉलपटू मुली झाल्यात. उद्या एक संघटना केलीत की प्रायोजक कुठे जाईल? बेसबॉलकडे. अमेरिकेच्या मेजर लीगने २०१९ला दिल्लीत कार्यालय उघडलं ते सॉफ्टबॉलसाठी नव्हे. दुबईतल्या लीगमध्ये 'मुंबई कोब्राज' नावाचा संघ आहे, तो बेसबॉलचा आणि पुरुषांचा. एका ताटात वाढलं की मुलींच्या वाट्याला काय येतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि युरोपचे दाखले देता तर अमेरिका, जपान, कॅनडा बघा. जे खरोखर जिंकतात, त्यांच्याकडे दोन वेगळ्या संघटना आहेत. टोकियोच्या दोन्ही अंतिम सामन्यांत जपानने अमेरिकेला हरवलं, दोन्हीकडे २-०. युकिको उएनो २००८ला दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्ण जिंकली आणि तेरा वर्षांनी, वयाच्या ३९व्या वर्षी, पुन्हा अंतिम सामन्यात पिचिंग करत होती. मधली तेरा वर्षं ऑलिम्पिकमध्ये खेळच नव्हता. तिला तेवढा काळ खेळतं ठेवलं ते जपानच्या स्वतंत्र सॉफ्टबॉल संघटनेने आणि तिथल्या कंपन्यांच्या लीगने.

---

तळ्यात_मळ्यात | बुधवार, रात्री १०.०२

ताई, ५२-५२चा मुद्दा मान्य. पण जपानचं उदाहरण घेऊ नका, तिथे शाळेच्या बेसबॉल स्पर्धेला देश थांबतो. आपल्याकडे पाकिस्तानचा बेसबॉल संघ २०१६ला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची पात्रता फेरी खेळून आला. आपण तिथवरही नाही. स्वतंत्र राहून आपण काय कमावलं, ते सांगा.

---

कळव्याचा_वकील | बुधवार, रात्री १०.२०

विलीनीकरण करायचं तर मुलींच्या सॉफ्टबॉलला घटनेतच वेगळा विभाग, वेगळं अंदाजपत्रक आणि राखीव पदं लिहून घ्यावी लागतील. डब्ल्यूबीएससीतही बेसबॉल आणि सॉफ्टबॉल असे दोन विभाग आहेतच. नुसतं 'एक व्हा' म्हणून एक झालेल्या संस्थांचे खटले मी जवळून पाहिलेत.

---

निवांत_नेरुळकर | बुधवार, रात्री १०.३१

बापरे, क्रिकेटला घाला एवढंच म्हटलं होतं मी. धाग्याची शंभरी होणार. (हलकेच घ्या.)

एक खरा प्रश्न विचारतो आता. हे खेळ खेळायचे कुठे? नेरुळचं यशवंतराव चव्हाण मैदान असो की ठाण्याचं सेंट्रल मैदान, रविवारी पाय ठेवायला जागा नसते. एका मैदानात पाच पिचा, कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचवर उभा आहे ते फिल्डरलाही कळत नाही.

---

घणसोलीकर | गुरुवार, सकाळी ८.४५

आमचे गावान तर टेनिस क्रिकेटचे सामने म्हंजे जत्राच. मैदान महिनाभर आधी बुक. सॉफ्टबॉल म्हटलं तर कमिटीवाले विचारतात, बक्षीस काय, मोटारसायकल की बैल?

---

पिचर_पद्मा | गुरुवार, दुपारी १.५०

😀 घणसोलीकर.

मैदानाचं गणित बेसबॉलपेक्षा सॉफ्टबॉलला सोपं आहे, म्हणूनच शाळांनी सॉफ्टबॉल धरला. बेसबॉलला दोन बेसमधलं अंतर ९० फूट, पिचर (चेंडू टाकणारा) फटका मारणाऱ्यापासून ६० फूट ६ इंचांवर, आणि मधल्या दिशेला कुंपण चारशे फुटांपर्यंत नेतात. ते आपल्याकडे कुठल्या शाळेला जमणार? सॉफ्टबॉलला बेस ६० फुटांवर, महिलांची पिचर ४३ फुटांवर. सात इनिंग, बेसबॉलच्या नऊ. शाळेचं बऱ्यापैकी मैदान असेल तर घर (होम प्लेट, जिथून फटका मारतात) एका कोपऱ्यात ठेवायचं आणि तिरका आराखडा आखायचा, कारण खेळ नव्वद अंशांतच आहे, क्रिकेटसारखा चारी दिशांना नाही. उरलेल्या कोपऱ्यात खो-खोवाले राहतात. आम्ही गेली कित्येक वर्षं असंच भागवतो. फक्त शाळेच्या काचा पहिल्या बेसच्या मागे येणार नाहीत एवढं बघायचं.

शिवाय बेसबॉल५ म्हणून प्रकार आहे. जागतिक संघटनेनेच २०१८ला आणला. स्लगर (बॅट) नाही, ग्लव्ह नाही, हेल्मेट नाही. रबरी चेंडू हातानेच मारायचा. पाच जणांचा संघ, मुलं-मुली एकत्र, मैदानावर दोन्हींपैकी किमान दोघं हवेतच. बेस १३ मीटरवर, सगळं मैदान २१ मीटरच्या चौकोनात, पाच इनिंग. २०२६च्या डाकार युवा ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात हा खेळ घेतलाय. घोडबंदर रोडवर टर्फ किती झालेत ते बघा. दुपारच्या वेळी ओस पडलेले असतात. ठाणे-नवी मुंबईसाठी याहून सोयीचं काय असणार? राष्ट्रीय संघटनांनी इथे जोर लावायला हवा होता, तो अजून दिसत नाही.

---

ऐरोलीचा_बाप | गुरुवार, रात्री ९.००

बेसबॉल५ आमच्या सोसायटीच्या पोडियमवर पोरांनी खेळून पाहिला. चेंडू उसळून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंडीला लागला आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस. खेळ मात्र झकास आहे.

---

घोडबंदरवासी | शुक्रवार, रात्री ८.३०

अपडेट देतो.

पद्माताईंचा प्रश्न फोनवर जसाच्या तसा विचारला. कोणत्या राज्याच्या संघातून? उत्तर आलं, 'आपली अकादमीच राज्याचं प्रतिनिधित्व करते.' निवड कुठे झाली? 'विभागाच्या सामन्यांत आम्ही निरीक्षण केलं.' संलग्नतेचं पत्र मागितलं तर सोसायटी नोंदणीचा दाखला पाठवला, वर एक आयएसओ. वकीलसाहेब, तुमचं मखर निघालं! मग मी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी पत्र पाहिलं, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, 'या नावाची स्पर्धा आमच्याकडे गुणांसाठी चालत नाही.' एवढ्यावर विषय संपला. फी भरली नाही. फोन अजून येतात, आता सूर जरा वेगळा आहे.

लेक एक दिवस रुसली. विमानाने जायचं म्हणून मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. तिच्या संघातल्या दोघींच्या पालकांनी पैसे भरलेत, त्यांना या धाग्याची लिंक दिलीय. एकांनी वाचून आभार मानले, दुसरे म्हणाले 'तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या.'

आता नवा प्रश्न. ती डावखुरी आहे. सरांनी स्वतःचा ग्लव्ह घ्यायला सांगितलंय. ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात गेलो तर सगळे डाव्या हातात घालायचे, म्हणजे उजव्याने फेकणाऱ्यांचे. दुकानदार म्हणाला, चालतो, सवय होते. चालतो का?

---

पिचर_पद्मा | शुक्रवार, रात्री ९.४०

अजिबात चालत नाही! डाव्या हाताने फेकते तर ग्लव्ह उजव्या हातात हवा. डाव्या हातात ग्लव्ह घातला तर तो काढून फेकावं लागेल, तोवर धावणारी बेसवर पोचलेली असेल. दुकानदाराला 'उजव्या हातात घालायचा' असं स्पष्ट सांगून मेरठ किंवा जालंधरहून मागवायला सांगा, तिथे बनतात. वेळ लागला तरी चालेल. स्लगर, हेल्मेट, कॅचरचा मास्क आणि गार्ड हे संघाचं सामान, शाळेने द्यायचं. घरचा खर्च ग्लव्ह आणि बूट एवढाच. नेटवर दिसतील ते बेसबॉलचे ग्लव्ह घेऊ नका. सॉफ्टबॉलचा चेंडू बारा इंच घेराचा, बेसबॉलचा नऊच्या जरा वर. लहान खिशात मोठा चेंडू बसत नाही.

आणि एक, डावखुरी शॉर्टस्टॉप? कुणी उभं केलं तिला तिथे? चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकायचा तर तिला अख्खं अंग वळवावं लागत असणार. पहिला बेस, आउटफिल्ड किंवा पिचिंग, या डावखुऱ्यांच्या जागा. सरांशी बोलून बघा. डावखुरी पिचर मिळाली तर कुठलीही जिल्हा संघटना आनंदाने घेईल. ठाणे जिल्ह्याच्या चाचण्यांची तारीख लागली की मी इथेच टाकते.

---

घोडबंदरवासी | शुक्रवार, रात्री ९.५८

सरांना विचारलं होतं. म्हणाले, संघात चेंडू न सोडणारी ती एकटीच आहे, म्हणून तिथे.

---

पिचर_पद्मा | शुक्रवार, रात्री १०.०४

मग सर बरोबर आहेत. यंदा तिथेच राहू दे. सुट्टीत पिचिंग सुरू करा. भिंतीवर खडूने चौकोन काढायचा, मोजून ४३ फूट मागे उभं राहायचं आणि चेंडू खालूनच फेकायचा. सुरुवातीला हात पूर्ण फिरवू नका, नुसतं मनगट सोडायला शिकवा.

---

सानपाडा_सदू | शुक्रवार, रात्री १०.३०

पद्माताई, मला मूल नाही, मैदान नाही, पण हा धागा वाचून स्कोअरिंग शिकावंसं वाटायला लागलंय. ६-४-३ म्हणजे काय असतं?

---

पिचर_पद्मा | शुक्रवार, रात्री १०.४१

प्रत्येक जागेला नंबर असतो. १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा, ५ तिसरा, ६ शॉर्टस्टॉप, पुढे ७, ८, ९ आउटफिल्ड. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, आणि एका फटक्यात दोघी बाद. आमच्या शालेय सामन्यांना स्कोअरर कधीच मिळत नाही, शेवटी मीच शिट्टी तोंडात धरून वही भरते. सानपाड्याहून नेरुळला यायला तुम्हाला दहा मिनिटं. शनिवारी सकाळी सातला मोकळे आहात का?

---

सानपाडा_सदू | शुक्रवार, रात्री १०.४४

सातला? आठला चालेल का?